घरात कोणी नाही

फोन आला तेव्हा तो काचेच्या अलीकडे बसला होता आणि काचेपलीकडच्या खोलीत एक म्हातारी कानांवर हेडफोन लावून, हातात बटण धरून, डोळे मिटून आवाजाची वाट बघत होती. लोकांचे कान तपासायचे, हे त्याचं काम. पलीकडची खोली जगापासून तोडलेली होती; एकामागे एक दोन दारं, भिंतींना राखाडी स्पंज. आत गेलेल्या माणसाला आधी स्वतःचंच रक्त ऐकू येतं. मग तो इकडून एक सूर सोडायचा, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, आणि ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. काही माणसं ऐकू न येताच बटण दाबतात. त्यांना खोटं बोलायचं नसतं, फक्त वाट बघणं सोसत नाही. टेबलावरचा फोन थरथरत कडेपर्यंत सरकला, पडेल म्हणून त्याने उचलला. डोंगरावरच्या गावातला एजंट होता. "साहेब, तुमच्या फ्लॅटवर जाऊन आलो. खरेदीवाल्या कंपनीचा माणूसही सोबत होता. तुमच्या भावाने दार उघडलं." "दादाने?" "दुसरं कोण असणार? मी त्यांना फोनवरच ओळखतो, पण राहतायत तेच ना सध्या? पायजमा, मफलर, हातात फडकं. मी म्हटलं, इमारतीच्या व्यवहाराचं बोलायला आलोय. तर म्हणाले, घरात कोणी नाही. आणि दार लावून घेतलं, तोंडावर."  एजंटाला हसू आलं होतं की राग, ते कळत नव्हतं. "बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात, साहेब. तुमच्यावाचून अडलंय."

त्याने फोन ठेवला आणि यंत्राकडे बघितलं. कुठला सूर सोडून झाला होता, कुठला राहिला होता, काही आठवेना. फोन आल्यापासून त्याने काहीच सोडलं नव्हतं, आणि तरी म्हातारीने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. घरात कोणी नाही. स्वतः दारात उभं राहून. दादा थट्टेखोर होता, पण ही थट्टा त्याच्या जातीची नव्हती; दादाच्या थट्टेला नेहमी समोरचा माणूस लागायचा, तो हसला की दादा त्याला काहीतरी विकायचा. उभा जन्म दादाने वजनकाटे विकले होते, दुकानांचे, गोदामांचे, ट्रक उभा राहील एवढे मोठे. आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसावी. असा माणूस दार उघडून 'घरात कोणी नाही' म्हणतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं? की मी इथे नाही? की ज्याला तुम्ही शोधताय तो मी आता उरलो नाही? त्या दिवशी त्याने म्हातारीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, मला दोन्ही वेळा सारखंच वाटलं.

तो फ्लॅट त्यांनी घेतला तेव्हा तिथे फ्लॅट नव्हता. उतार होता, उतारावर खुंट्या, सुतळी, चुन्याच्या विस्कटलेल्या रेघा. त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. दोघे भाऊ बसने वर गेले होते, बुटांना चिखल लागला होता, आणि तेव्हाच्या एजंटाने छत्रीचं टोक वर करून हवेत एक चौकोन काढला होता. "ही तुमची बेडरूम." दोघे माना वर करून बघत राहिले. चौकोनातून एक कावळा इकडून तिकडे गेला. "बेडरूममधून कावळा गेला," दादा म्हणाला, आणि तिघेही हसले, आणि त्या हसण्यातच व्यवहार ठरून गेला. परतीच्या बसमध्ये दादाने त्याला सगळं समजावून सांगितलं, लहानपणी गणित समजावून सांगायचा तसं. जिथे माणसाला राहावंसं वाटतं पण राहता येत नाही, अशा ठिकाणी जागा घ्यायची. घ्यायची आणि विसरून जायचं. भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या हवाली करायची, सुट्टीला येणाऱ्यांना ती देईल, डागडुजीचा खर्च त्यातून निघत राहील, आणि आपण म्हातारे होऊ तोवर डोंगर काही मोठा होणार नाही, माणसं मात्र वाढलेली असतील. एकच पथ्य: जी जागा विकायची आहे तिथे झोपायचं नाही. एकदा झोपलास की ती तुझी होते, आणि तुझी झाली की तू भाव नीट सांगू शकत नाहीस. त्यांचे वडील भाड्याच्या खोल्या बदलत बदलत गेले, दर खेपेला आधीच्यापेक्षा एक खिडकी कमी असलेल्या खोलीत. दादाने त्यांच्याकडून एवढंच शिकून घेतलं होतं की जागेवर प्रेम फक्त भाडेकरू करतो.

आणि त्याने ऐकलं. दादापेक्षा तो बराच लहान. दादाने बोट धरून शाळेत नेलं, फी भरली, ही नोकरीसुद्धा दादाच्याच ओळखीने लागली, एका दवाखान्याला दादाने नवजात बाळांचे काटे विकले होते. शहरात घर घ्यायचं म्हणून बायकोने आणि त्याने जे काही बाजूला टाकलं होतं, ते त्याने त्या हवेतल्या चौकोनात टाकलं. मग जेव्हा जेव्हा तो विकण्याचं काढायचा तेव्हा दादा म्हणायचा, थांब. रस्ता रुंद होतोय, थांब. रोपवे येतोय, थांब. तो थांबला. थांबण्याचा त्याला राग आला होता का? आजही त्याला हे नक्की सांगता आलं नसतं. एका उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं वर गेली होती. दादाने पथ्य मोडलं नाही; समोरच्या हॉटेलात खोल्या घेतल्या. सकाळी वहिनी गॅलरीत उभी राहून रस्त्यापलीकडच्या आपल्याच खिडक्यांकडे बघत होती. तिथे कुणाचे तरी लाल टॉवेल वाळत होते. पोरांनी विचारलं, आपल्या घरात ते कोण आहेत? "भाडं," दादा म्हणाला. वहिनी हसली नाही. तिने चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि विचारलं, "आतून कसं दिसत असेल हो?" दादाने उत्तर दिलं की नाही ते त्याला आठवत नव्हतं. टॉवेल मात्र आठवत होते.

संध्याकाळी त्याने बायकोला एजंटाचं बोलणं सांगितलं. ती खोक्यांत भांडी भरून बघत होती, किती खोकी लागतील याचा अंदाज घ्यायला. घरमालकाला जागा मुलासाठी हवी होती; वर्षअखेरपर्यंत सोडा म्हणाला होता, गोडीत, पण म्हणाला होता. "घरात कोणी नाही?" बायको म्हणाली. "मग सही कोण करणार? भिंती?" मग तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. "मला तुमच्या भावाविरुद्ध काही बोलायचं नाही. आजवर बोललेय? पण त्यांना एकदा नीट विचारा, आम्ही कुठे राहायचं. एवढंच विचारा. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांना ऐकू येतंय का ते बघता, आणि स्वतःला एक वाक्य मोठ्याने बोलता येत नाही."  डोक्यात भुंगा लागला होता. दादा त्या जागेच्या प्रेमात पडला होता का, साऱ्या जन्माचं पथ्य मोडून? की हा दादाचा डाव होता, सगळ्यांत शेवटी सही करायची म्हणजे भाव वाढतो? की दादाचं डोकं चळत चाललं होतं? तिन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या, आणि तिन्हींचं त्याला सारखंच वाईट वाटत होतं, हे काही त्याला बरोबर वाटेना.

वहिनीकडे गेला तर तिने दार पूर्ण उघडलंच नाही. दुरुस्तीचं बघून येतो म्हणून दादा दोन बॅगा घेऊन गेला होता, त्यालाही महिना उलटला होता. "फोन घेत नाहीत. मेसेज येतो. 'ठीक आहे.' 'थंडी आहे.'" तिने आतून एक स्वेटर आणून त्याच्या हातात दिला. "हा राहिलाय त्यांचा. द्या." "वहिनी, काही झालंय का?" "मला काही विचारू नका, भाऊजी. त्यांना विचारा. आणि विकायचं असेल तर विका, माझी काही हरकत नाही, मी कुठे तिथे राहिलेय." तिचा आवाज वरच्या पट्टीतला, नेहमीसारखाच, पण कडा चिरल्यासारखा झाला होता. जिना उतरताना त्याला वाटलं की तिने आणखी काहीतरी म्हटलं. तो वळला. दार बंद होतं.

वर पोचला तेव्हा दुपार होती आणि गावात माणूस नव्हतं. मोसम संपला की अशी गावं कशी दिसतात ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. उपाहारगृहांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या, फोटो काढून देणाऱ्याच्या दुकानावर ताडपत्री, दरांच्या पाट्यांवरचे आकडे पुसलेले. धुकं रस्त्यावर येऊन थांबलं होतं. इमारती तीन होत्या आणि तिन्ही सारख्या. ज्या जागेपायी आयुष्यभर भाडं भरलं ती यांतली कुठली, हे त्याला दोनदा चुकल्यावर कळलं. जिन्यात प्रत्येक मजल्यावर तेच निळं दार, तीच कुलपाची चौकट, सगळी मिटलेली; मालक सगळे खाली कुठेतरी, आपापल्या शहरांत, विसरून गेलेले. एका दारामागे नळ वाहत होता आणि कोणीतरी गुणगुणत होतं. दादा. त्याने बेल दाबली. आत बेल वाजली, बारीक, किणकिणती, पक्ष्यासारखी. गुणगुणणं चालूच राहिलं. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा. आतला सूर अडखळलासुद्धा नाही.  म्हणजे हे असं आहे. मी आलोय, आणि दादा गातोय. तो पायरीवर बसला, मांडीवर तो स्वेटर. लहानपणी दादा रागावला की असंच करायचा; बोलायचा नाही, शीळ घालायचा. पण आपण काय केलंय? सही मागितली, हे? की आपण कधीच काही मागितलं नाही, हे? बऱ्याच वेळाने तो उठला आणि मुठीने दारावर धपाधप मारलं, दार चौकटीत हललं, आणि आतली पावलं दाराकडे आली.

"अरे!" दादा म्हणाला. "तू! ये, ये. बूट तिथे काढ, नियम आहे." खरोखरच भिंतीवर नियम चिकटवले होते, भाड्याने देणाऱ्या कंपनीचे. बूट बाहेर. ओले टॉवेल फरशीवर टाकू नयेत. निघताना खिडक्या लावाव्यात. दादा ते सगळे पाळत होता. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागत होता, कप धुऊन उलटे, चादरीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. सहा सारखे कप, सहा सारख्या बश्या; भिंतीवर डोंगराचं चित्र, आणि चित्राच्या समोरच्या खिडकीत दुसऱ्या इमारतीची पाठ, तिच्या कडेने बोटभर खरा डोंगर. दादा बोलत सुटला. हीटर कसा चालतो, कोपऱ्यावरची पाववाली कशी फक्त सकाळीच उघडते, पाहुणे काय काय विसरून जातात. त्याने एक टोपली दाखवली, एकेकटे हातमोजे, एकेकटे मोजे, बाहुलीचा बूट. "जोडीतलं एकच विसरतात रे, दोन्ही कधी नाही." तो मध्ये बोलायला बघायचा आणि दादा पुढे जायचा. खरेदीवाल्या कंपनीचं काय, त्याने विचारलं. दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांकडे नाही. "हो हो," दादा म्हणाला, "बघू." आणि पुन्हा हीटर. असं बघणं त्याच्या ओळखीचं होतं. रोज कोणीतरी त्याच्याकडे असंच बघायचं. पण दादाच्या चेहऱ्यावर ते बसेना, दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं ते दिसत होतं.

दादा कप विसळायला उठला. नळ वाहू लागला. तो मागे जाऊन उभा राहिला, चार पावलांवर, आणि आपण काय करतोय हे स्वतःला कळायच्या आत, रोजच्या सपाट आवाजात, काचेअलीकडून बोलावं तसं बोलू लागला. "काठ." दादाने कप उलटा ठेवला. "गाठ." दुसरा कप. "पाठ. ताट. वाट." शब्दांची ही यादी तो इतक्या वेळा बोलला होता की तिला अर्थ उरला नव्हता, आज एकेक शब्द तोंडातून खड्यासारखा बाहेर येत होता. दादाची पाठ हलत होती, कोपर हलत होतं, मानेवरचे पांढरे केस नीट कापलेले होते. "खाट," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली. ओट्यावरच्या खिडकीच्या काचेत दादाचे डोळे होते. ते त्याच्या ओठांकडे बघत होते. दादाने नळ बंद केला.

"पुरे कर," दादा म्हणाला, न वळता. "मला माहीत आहे."

मग दोघे समोरासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असे, म्हणजे दादाला तोंड दिसावं. दादाने दुसऱ्या गावी जाऊन तपासून घेतलं होतं. "तुझ्याकडे कसा येणार? काचेतून तू माझ्याकडे बघणार, मी आत बटण घेऊन बसणार. नको रे." आधी स आणि फ गेले, मग ख आणि थ. माणसं तोंडात घास धरून बोलल्यासारखी बोलायला लागली. मग फोन गेला. धंदा होता तोवर धकलं, कारण धंद्यात दादाच बोलायचा. मग नातीचा आवाज गेला. फोनवर ती बोलायची ते दूर कुठेतरी पाखरू किलबिलावं तसं, आणि दादा हसायचा, इतर हसले की. "पण तू विचारायचं ना, काय म्हणालात म्हणून? माणसं विचारतात." "मी नाही विचारलं," दादा म्हणाला. "कधीच नाही. एकदा 'काय' म्हटलं की मग दिवसभर 'काय'च म्हणावं लागतं. मी हो म्हणायचो. नाहीतर बघू." त्या एजंटाने तीनदा फोन केला, तिन्ही वेळा दादा बघू म्हणाला होता. "आणि परवा दारात?" "परवाचा तो माणूस एजंट होता? मला वाटलं, शेजारच्या फ्लॅटचं विचारतोय. म्हटलं, त्या घरात कोणी नाही." त्याला हसू फुटलं. ज्या वाक्यावर त्याने एवढे दिवस डोकं फोडलं होतं, ते वाक्य शेजारच्या घराचं होतं. दादाही हसला. आणि हसता हसता दादाचा चेहरा एकदम मोडला.

"तिने मला काहीतरी विचारलं," दादा म्हणाला. "मी पेपर वाचत होतो, ती मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. काहीतरी विचारलं, शेवटी आवाज वर गेला म्हणून कळलं की प्रश्न होता. मी हो म्हटलं. हो हो, म्हटलं. आणि ती रडायला लागली." खिडकीतला बोटभर डोंगर धुक्यात गेला होता. "काय विचारलं होतं ते मला अजून माहीत नाही. तेव्हा विचारता आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी कसं विचारायचं? ती बोलेनाशी झाली, की बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हतं, ते कळेना. म्हणून इथे आलो. इथे कोणीच बोलत नाही. इथे मी बहिरा नाही." मग थोड्या वेळाने, "तिला सांगू नकोस."

तो रात्री त्या घरात झोपला, पहिल्यांदाच. कंपनीच्या पांढऱ्या चादरीत, जिला कुणाचाच वास नव्हता. सकाळी धुकं निघून गेलं आणि त्या बोटभर फटीतून ऊन येऊन बरोबर त्याच्या उशीवर पडलं. ते तसं रोज पडत असणार, वर्षानुवर्षं, कुणाकुणाच्या तोंडावर. त्याला एक विचित्र मत्सर वाटला. मग वाटलं, सही होऊ नये. मग बायकोची खोकी आठवली आणि वाटलं, आजच व्हावी. आणि दादाने सांगू नकोस म्हटलं होतं. दादासाठी त्याने आजवर एवढंच तर केलं होतं, थांब म्हटलं की थांबला होता. तो पाव आणायला म्हणून बाहेर पडला, पाववालीच्या दुकानाच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला आणि वहिनीला फोन लावला. लागला, आणि त्याला काय बोलायचं तेच कळेना.

"भाऊजी? बोला ना. बोला." मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "कोणी बाई आहे का तिथे?"

"बाई नाही, वहिनी," तो म्हणाला. "कान आहे."

"काय आहे?"

त्याने सांगितलं. सगळं, उलटंसुलटं, नळ, कप, बेल, नातीचं पाखरू. तिकडून काही येत नव्हतं, इतकं काही नाही की त्याने दोनदा फोन कानापासून काढून बघितला. "आणि तुम्ही काहीतरी विचारलं होतंत, त्यावर तो हो म्हणाला. त्याला अजून कळलेलं नाही, तुम्ही काय विचारलंत ते." पाववाली टोपलीतून पाव काढत होती, तिची पितळी बांगडी टोपलीला लागून वाजत होती. "मी विचारलं होतं," वहिनी म्हणाली, "तुम्हाला माझा कंटाळा आलाय का." मग पुढे म्हणाली, "हो हो, म्हणाले हो. दोनदा."

ती दुपारच्या बसने आली. सह्या घ्यायला पुन्हा आलेले एजंट आणि खरेदीवाल्या कंपनीचा माणूस आधीच येऊन बसले होते, टेबलावर कागद, पेनाचं टोपण काढलेलं. दादाने त्यांना दोन कप दिले होते आणि तो नेहमीपेक्षा जास्त मोठ्याने हीटरबद्दल सांगत होता. दार उघडंच होतं. वहिनी आत आली, बूट काढून ठेवायचे राहिले. दादाने तिला बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. तू सांगितलंस. एवढंच त्या नजरेत होतं, आणि त्याला लहानपणासारखं वाटलं, कान धरून उभं केल्यासारखं. वहिनी त्या दोन परक्या माणसांच्या मधून सरळ दादासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं. हळू नाही, मोठ्यानेही नाही, जशी त्या दिवशी घड्या घालताना म्हणाली असेल तशीच. दादा तिच्या ओठांकडे बघत राहिला. तपासणीच्या खोलीत माणसं असतात तसा तो दिसत होता. सूर आला की नाही, बटण दाबावं की नाही. त्याच्या ओठांवर 'हो' येऊन बसलेलं दिसत होतं.  एजंटाने कप अर्ध्यावर धरला होता.

"काय?" दादा म्हणाला.

वहिनीने पुन्हा विचारलं.

"काय?" दादाचे कान लाल झाले होते. "मला ऐकू नाही आलं. काय?"

तिसऱ्यांदा ती ओरडली. "माझा कंटाळा आलाय का तुम्हाला!" कंपनीचा माणूस खिडकीबाहेर बघू लागला. दादाने ते शब्द मनात एकेक करून जुळवले असावेत, कारण उत्तर यायला वेळ लागला. "नाही," दादा म्हणाला. मग, प्रामाणिक माणसासारखं, "म्हणजे, कधी कधी." "मलाही येतो," वहिनी म्हणाली, आणि जवळच्या खुर्चीत बसून पदराने तोंड पुसायला लागली, आणि ती हसत होती की रडत होती ते त्याला कळलं नाही, आणि त्या क्षणी ते कळायला हवं असंही वाटलं नाही.

सह्या झाल्या. दादानेच आधी केली, मोठी, वजनकाट्यांच्या बिलांवर करायचा तशी. पेन त्याच्या हातात देताना दादा म्हणाला, "कर. तुझं घर होऊ दे. मी तुला फार थांबवलं." हे वाक्य ऐकायला तो किती वर्षं थांबला होता, की थांबलाच नव्हता, ते आता आलं आणि कुठे ठेवावं ते कळेना. त्याने सही केली. खरेदीवाल्या कंपनीने त्यांना सकाळपर्यंत राहू दिलं. संध्याकाळी वहिनी एकेका खोलीत गेली, कपाटं उघडली, गादीवर बसून बघितली, गॅलरीतून पलीकडच्या बंद हॉटेलकडे बघत उभी राहिली. "बरंय," ती एवढंच म्हणाली. कानांच्या यंत्राचं त्याने दादाला समजावलं: पहिले काही दिवस सगळंच अंगावर येईल, चमचे, कागद, स्वतःची पावलं. हवं ते आणि नको ते एकदमच मोठं होतं, मग हळूहळू मेंदू निवडायला शिकतो. फोनपायी दोनदा तपासावी लागलेल्या म्हातारीची गोष्टही सांगितली. "लावीन," दादा म्हणाला. "पण तपासायला मी आत बसणार, आणि तू मध्येच फोन घ्यायचा नाहीस."

उतरताना बसमध्ये ती दोघं पुढच्या बाकावर होती आणि तो मागे. वळणावळणाला वहिनीचं डोकं दादाच्या खांद्याला लागायचं, ती काहीतरी म्हणायची, दादा "काय?" म्हणायचा, सगळ्या बसला ऐकू जाईल असा, आणि ती पुन्हा सांगायची. डोंगर मागे गेला ते त्याने बघितलं नाही. बघायचं होतं, पण तो कुठल्या बाजूला आहे तेच लक्षात आलं नाही. मग बायकोचा फोन आला.

"झालं का?"

"झालं."

"सगळं? सही वगैरे?"

"सगळं."

तिकडे एखादी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला, वर्तमानपत्राचा आवाज आला, तिने श्वास घेतलेलाही ऐकू आला. मग तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग? आनंद झाला ना?"

फोन स्वच्छ लागत होता. बस उतारावर होती, इंजिन जवळजवळ गप्प होतं, आणि तिचं अक्षरन् अक्षर त्याच्यापर्यंत येऊन पोचलं होतं.

"काय?" तो म्हणाला.